पुढच्या चाकांचें जूं

आमच्या दारांत उभी असलेली जीप आमच्या वयाची नसली तरी आमच्या संसाराच्या वयाची आहे. १९७८ सालच्या वैशाखांत आमचें लग्न झालें, आणि त्याच वर्षीं मृग लागण्यापूर्वीं तीर्थरूप तात्यांनीं ही गाडी कोल्हापुराहून अंबा घाट उतरवून लांजें तालुक्यांतील आमच्या गांवीं आणिली. आमच्या सौभाग्यवतीचें म्हणणें असें कीं, त्या वर्षीं तिच्या वांट्यास दोन हट्टी वस्तु आल्या, आणि त्यांपैकीं जी अडून बसली असतां कोठें अडली हें झांकण उघडून पाहतां येतें ती वस्तु म्हणजे आम्ही नव्हे.

या गाडीच्या पुढच्या दोन चाकांच्या मध्यभागीं कोणत्या जातीची डबी बसवावी, या प्रश्नावर आमच्या घरांत जितका खल झाला तितका मुलाचें शिक्षण व मुलीचें लग्न या दोन्ही प्रकरणीं मिळून झाला नसेल. विषय ऐकूनच कांहीं वाचक पान उलटतील हें आम्ही जाणून आहों. परंतु ज्या गोष्टीनें एका रात्रीं आम्हांस आमच्याच पुतणीकडे मान वर करून पाहण्याची लाज वाटली, ती गोष्ट क्षुल्लक होती असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

ज्यांचा मोटारीशीं संबंध तींत बसण्यापुरताच आहे त्यांच्यासाठीं प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. चारहि चाकांनीं ओढणाऱ्या जुन्या गाडींत इंजिनाची शक्ति मागच्या चाकांकडे नेहमींच जाते. पुढच्या चाकांकडे ती एक वेगळी दांडी ओढली म्हणजे जाते. दांडी ओढलेली नसतां पुढचीं चाकें गाडी ओढीत नाहींत. पण म्हणून तीं मोकळीं असतात असें मात्र नव्हे. चाक फिरलें कीं त्याला जखडलेला आंतला दांडा फिरतो, दांडा फिरला कीं मधल्या पेटींतलीं दंतचक्रें फिरतात, आणि त्यांच्या मागोमाग गाडीच्या पोटाखालचा लांब प्रॉपेलर शाफ्टहि फिरूं लागतो. कामावांचून फिरणारें हें लोखंड झिजतें, गुरगुरतें, तेल खातें आणि चालकाच्या हाताला जड लागतें. नांगर सोडल्यावरहि जूं मानेवर तसेंच ठेवून बैलांना रानभर हिंडवावें, तसाच हा प्रकार.

हें जूं उतरून ठेवण्याची जी युक्ति, तिलाच आमचे मिस्त्री ‘लॉक हब’ म्हणतात. चाकाच्या मध्यावर मुठीहून थोडी मोठी अशी एक डबी असते व तिच्या तोंडावर एक फिरती कळ. कळ एका बाजूस वळविली कीं आंतलें दांतेरी कडें सरकून दांडा आणि चाक यांची गांठ बांधतें. उलट वळविली कीं गांठ सुटते, चाक एकटें फिरतें आणि पोटांतलें सारें लोखंड स्वस्थ निजतें. हें सर्व हातानें करावें लागतें; तें गाडींतून उतरून करावें लागतें; आणि चाकें दोन आहेत म्हणून दोनदां करावें लागतें. आमची पुढची सर्व कथा या तीन अटींत सामावलेली आहे.

या डबीचा वापर वाढला तो युद्धानें मागें ठेवलेल्या पसाऱ्यामुळें. १९४१ पासून १९४५ पर्यंत अमेरिकेंत मुख्यतः विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं सहा लाखांहून अधिक जीपगाड्या लष्करासाठीं बांधल्या. पुढचें जूं सोडण्याची सोय त्यांत नव्हती, आणि असती तरी गोळ्यांच्या वर्षावांत खालीं उतरून कळ फिरविणारा शिपाई विरळाच. युद्ध संपलें, उरलेल्या गाड्या नागरिकांच्या हातीं गेल्या, आणि सपाट सडकेनें बाजारास जातांना पुढचें लोखंड फुकट फिरतें ही गोष्ट लोकांना जाणवूं लागली. १९४८ सालीं सिॲटल येथें आर्थर वॉर्न नांवाच्या गृहस्थानें अशा गाड्यांसाठीं हब करण्याचा कारखाना काढला. इकडे मुंबईस जीप जोडण्याचा उद्योग ज्या कंपनीनें हातीं घेतला तिचें १९४५ सालचें मूळ नांव ‘महिंद्र अँड महंमद’ असें होतें. फाळणीनंतर त्यांतले गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि कंपनीनें आपलें नांव बदललें तें वर्षहि १९४८ च. त्याच वर्षीं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक मनुष्य जोडलेलें सोडण्याचें यंत्र विकावयास बसला होता. या योगायोगांत अर्थ शोधूं नये हें आम्हांस कळतें; तरी तो नमूद केल्यावांचून राहवत नाहीं.

तात्यांच्या गाडीला हब नव्हतें. त्या जागीं एक भरीव लोखंडी चकती सहा बोल्टांनीं आवळलेली होती. चाक व दांडा यांचा जन्माचा संबंध. गाडी घेतांना कोल्हापुरच्या एका दुकानदारानें त्यांना हब दाखविलें होतें. तात्यांनीं तें हातांत फिरवून पाहिलें आणि विचारलें, “रात्रीं तीन वाजतां भर पावसांत हें कोणी फिरवायचं?” दुकानदार म्हणाला, “आपणच, वकीलसाहेब.” तात्यांनीं तें तसेंच त्याच्या हातावर परत ठेवलें. जी गोष्ट विसरतां येते ती आज ना उद्यां विसरली जातेच, हा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो ते पक्षकारांच्या दस्तऐवजांना आणि मोटारीच्या चाकांना सारखाच लावीत. त्या भरीव चकत्यांवर गाडी २००९ सालापर्यंत, म्हणजे तात्या होते तोंवर, एकहि पावसाळा न चुकतां चालली.

पुढच्याच वर्षीं आम्ही रत्नागिरीच्या शाळेंतील नोकरींतून निवृत्त होऊन गांवीं आलों आणि गाडीचे धनी झालों. परंतु खरी धनीण आली ती २०१९ सालीं. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण होऊन, मुंबईंतल्या चांगल्या जागा सोडून, गांवच्या ओटीवर दवाखाना मांडून बसली. आमच्या गांवाच्या वरच्या अंगास सडा आहे व सड्याच्या पलीकडे धनगरवाडा. डांबरी रस्ता शाळेपाशीं संपतो; पुढें दीड कोस जांभ्या दगडाची वाट, मध्यें एक पऱ्ह्या, आणि पऱ्ह्या ओलांडल्याबरोबर छातीवर येणारी चढण. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका शाळेपर्यंत येऊं शकते. तेथून वर जाणें म्हणजे जीप, किंवा पाय, किंवा चौघांच्या खांद्यावरची डोली.

२०२२ सालच्या दिवाळीच्या सुमारास गाडीचा पुढचा भाग फारच कुरकुरूं लागला. चाक वळवितांना पुतणीचे खांदे भरून येत. मिस्त्र्यानें पुढचे जॉइंट उघडून नवे सामान घातलें व सल्ला दिला कीं, आतां वर्षांतले बहुतेक दिवस गाडी डांबरावरच चालते, तेव्हां लॉक हब बसवून घ्या, म्हणजे घातलेलें सामान पुष्कळ वर्षें टिकेल. सल्ला शहाणपणाचा होता. दुकानांत दोन प्रकारचीं हबें होतीं, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी होती. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मनुष्याला अर्थशास्त्र शिकवावें लागत नाहीं. आम्हीं निम्म्या किंमतीचें घेतलें. तात्यांच्या चकत्या पुसून, वर्तमानपत्रांत गुंडाळून, माळ्यावर ठेवून दिल्या.

पहिले सात महिने आम्ही आमच्या निवडीवर खूष होतों. गुरगुर थांबली, वळण हलकें झालें. शिवाय एक लाभ अनपेक्षितपणें हातीं लागला. आमच्या जुन्या जीपची घडण अशी आहे कीं, पुढचीं चाकें जोडल्याखेरीज जड गिअर पडतच नाहीं. आणि कोरड्या कठीण रस्त्यावर चारहि चाकें जोडलेलीं असलीं कीं, वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांहून अधिक वाट चालावी लागत असल्यामुळें सारीं यंत्रें एकमेकांत पीळ भरून बसतात. कधीं कधीं तो पीळ इतका चढतो कीं दांडी परत निघेना होते व गाडी चार पावलें मागें घ्यावी लागते. हब मोकळें ठेवलें असतां मात्र जड गिअर घालूनहि जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो, आणि अंगणांतल्या अवघड कोंपऱ्यांतून गाडी मुंगीच्या पावलानें काढतां येते. सारा भार मागच्या आंसावर पडत असल्यामुळें हें जपून करावें लागतें. तरी हा शोध आम्हीं चारचौघांत इतक्या वेळां सांगितला कीं, सौभाग्यवती चहाचा पेला ठेवून उठून जाऊं लागली.

मे महिन्यांत, पाऊस येण्यापूर्वीं, यंत्राची सेवा करावी या सद्हेतूनें आम्हीं दोन्ही हबें उघडलीं आणि त्यांत चाकाच्या बेअरिंगला लावतात तें घट्ट ग्रीस बोटांनीं दाबून दाबून भरलें. थोडें औषध गुणकारी तर पुष्कळ औषध अधिक गुणकारी, अशी समजूत डॉक्टरच्या घरांतहि असूं शकते.

त्या वर्षीं, म्हणजे २०२३ सालीं, श्रावण अधिक होता. जुलैचा शेवटचा आठवडा. चार दिवस पाऊस उघडला नव्हता. रात्रीं बाराच्या सुमारास धनगरवाड्यावरचा एक मुलगा पळत आला. त्याच्या वहिनीला कळा लागून संध्याकाळपासून सुटका होत नव्हती. पुतणी पिशवी घेऊन चाकापाशीं बसली, सोबत म्हणून आम्ही शेजारीं, मुलगा मागें. शाळेपाशीं गाडी थांबवून आम्ही बॅटरी घेऊन उतरलों, उजव्या हबाची कळ ‘लॉक’ वर वळविली, पुढून वळसा घालून डाव्या हबाची वळविली, आणि भिजलेले पण कर्तव्यदक्ष असे गाडींत येऊन बसलों. डावी कळ थोडी जड गेली हें आम्हांस जाणवलें होतें. नवें आहे, थंडीपावसांत जड जाणारच, असें आम्हीं मनाशीं म्हटलें.

पऱ्ह्या पार झाला. चढणीच्या मध्यावर, जेथें जांभ्याच्या फरशीवर शेवाळ आणि लाल चिखल यांचा थर होता, तेथें मागचें चाक गरगर फिरूं लागलें व गाडी जागच्या जागीं थरथरली. पुतणीनें दांडी तपासली, गिअर तपासला, पुन्हां प्रयत्न केला. मग ती खालीं उतरली व आम्हांस चाकापाशीं बसवून, बॅटरीचा झोत पुढें टाकून पाहूं लागली. “काका, पुढचं एकहि चाक फिरत नाहीं.”

एका बाजूचें हब लागलें आणि दुसऱ्या बाजूचें लागलें नाहीं, तर निदान एक चाक ओढील असें कोणासहि वाटेल. यंत्राचा न्याय निराळा आहे. मधली डिफरन्शिअलची पेटी दोन्ही बाजूंस सारखाच जोर वांटते, आणि जिकडे विरोध नाहीं तिकडचा दांडा नुसता फिरूं लागला म्हणजे दुसऱ्या बाजूच्या वांट्यासहि कांहीं येत नाहीं. डाव्या हबाची कळ ‘लॉक’ दाखवीत होती. आंतलें कडें मात्र आम्हीं भरलेल्या ग्रीसांत रुतून होतें तेथेंच राहिलें होतें. डावा दांडा त्या डबींत मोकळा फिरत होता आणि उजवें चाक, आम्हीं प्रामाणिकपणें जोडलेलें उजवें चाक, स्तब्ध होतें. आम्हीं कळ दहा वेळां मागेंपुढें केली, पान्यानें ठोकली. तात्यांच्या चकत्या जवळ असत्या तर तासाभरांत हब काढून त्या आवळतां आल्या असत्या. त्या माळ्यावर होत्या.

पुतणी आम्हांस एक शब्दहि बोलली नाहीं. तिनें पिशवी मुलाच्या डोक्यावर दिली, बॅटरी घेतली आणि ती चढण पायीं चढूं लागली. त्या बाजूस वाघरूं फिरतें म्हणून आठवडाभर गांवांत बोलवा होती. आम्ही गाडींत बसून राहिलों. दिवे विझवावे तर अंधार, पेटते ठेवावे तर बॅटरी संपेल, अशा स्थितींत ते मधून मधून लावीत व विझवीत किती वेळ गेला हें सांगतां येत नाहीं. एवढें मात्र आठवतें कीं, त्या वेळांत आम्हीं दोन हबांच्या किंमतींतला फरक अनेक वेळां मनांत मांडला, आणि प्रत्येक वेळीं ती रक्कम अधिकाधिक लहान दिसूं लागली.

पहांटे वरून माणसांचे आवाज आले. चौघांनीं घोंगड्याची डोली केली होती. मूल झोंपडींतच झालें होतें, मुलगी, आणि ती तिच्या आजीच्या कुशींत रडत होती. परंतु आईचा रक्तस्राव पुरता थांबला नव्हता व तिला रत्नागिरीस नेणें भाग होतें. डोली आमच्या गाडीला वळसा घालून गेली. वाट अरुंद असल्यामुळें त्या चौघांना चिखलांतून कडेनें उतरावें लागलें, कारण मध्यें आमची चार चाकांनीं ओढणारी गाडी उभी होती. शाळेपाशीं रुग्णवाहिका येऊन थांबली होती. ती बाई वांचली. तें आमच्या गाडीमुळें नव्हे, एवढें येथें लिहून ठेवलें पाहिजे.

दुपारीं दोर लावून गाडी खालीं आली. पुढें कोल्हापुरास उद्यमनगरांतल्या एका वृद्ध मिस्त्र्यानें डावें हब उघडलें, आंत बोट फिरवून बाहेर काढलें व आमच्यासमोर धरलें. “साहेब, हे हब हाय का तुपाचा डबा?” आम्हीं खरें तें सांगितलें. तो हंसला नाहीं, हें त्याचें सौजन्य. आंतल्या कड्याला पातळसा थर पुरतो. घट्ट ग्रीस भरलें कीं तें गारठ्यांत आळतें आणि कडें सरकूं देत नाहीं, असें त्यानें समजावून सांगितलें. मग कडें धुऊन दाखविलें. त्याच्या मागची स्प्रिंग इतकी अशक्त होती कीं, स्वच्छ असतांनाहि तें अर्ध्या वाटेवर रेंगाळे. आमच्या अपराधाला कारागिराच्या अपराधाची जोड होती. पण त्यामुळें आमचा भाग कमी झाला असें आम्हांस वाटलें नाहीं.

आतां पुन्हां निवड करावयाची होती, आणि या खेपेस पुतणी बरोबर होती. आम्हांस वाटत होतें कीं, तिनें आपोआप लागणारें हब घ्यावें. अलीकडच्या कांहीं गाड्यांतून तें असतें. दांडी ओढली कीं चाकें आपसूक जोडलीं जातात, कोणी उतरावयास नको. अपरात्रीं एकट्या मुलीनें वाघराच्या मुलखांत चिखलांत उतरूं नये, यापलीकडे आमच्या मनांत दुसरा हेतु नव्हता. मिस्त्र्यानें मान हलविली. कांहीं जातींत दांडा चाकाला ढकलीत असेल तोंवरच गांठ टिकते. उतारावर, जेथें चाकच उलट दांड्याला फिरवूं पाहतें, तेथें ती सुटून पुन्हां लागते, आणि नेमक्या त्या क्षणीं इंजिनाचा लगाम पुढच्या चाकांवर राहत नाहीं. दुसऱ्या जातींत हवा ओढून घेणाऱ्या बारीक नळ्या असतात. एका नळीला चीर गेली कीं कळहि नाहीं आणि बळहि नाहीं. पुतणीनें विचारलें, “तें लागलं कीं नाहीं, हें मला बाहेरून कळेल का?” मिस्त्री म्हणाला, “न्हाई, ताई.” तेवढ्यावर तो विषय संपला.

हातानें फिरवावयाच्या हबांपैकीं मिस्त्र्यानें तीन मेजावर मांडलीं. त्याआधीं त्यानें आमच्या गाडीच्या दांड्याचे दांते मोजले. ते दहा, जाड. नंतरच्या कांहीं जीपगाड्यांना सत्तावीस बारीक दांते असतात, कांहीं हबांना सहाऐवजीं पांचच बोल्ट. तेव्हां ‘जीपचें हब द्या’ म्हणून दुकानांत उभें राहणें हें ‘माणसाचा चष्मा द्या’ म्हणण्यासारखेंच आहे. दांत्यांच्या कडा त्यानें नखानें चांचपल्या. त्या झिजून गोल झाल्या असत्या तर कितीहि उंची हब आणून उपयोग नव्हता.

पहिलें हब पूर्वीच्याच जातीचें, प्लॅस्टिकच्या कळीचें. तें पुतणीनें हात न लावतां बाजूस सरकविलें. आमच्याकडच्या वाटा दोन गडग्यांमधून जातात, आणि हब चाकाबाहेर दोन बोटें डोकावतें. गडग्याच्या एका दगडानें ती कळ फुटावयाची. दुसरें ब्राझील देशांत झालेलें, धातूच्या कळीचें. तिसरें एक जुनें अमेरिकन, कोणा शौकिनानें मोडींत दिलेलें, अंगानें इतकें भरभक्कम कीं आमचा हात आपोआप त्याकडे गेला. एकदां दुबळेपणानें तोंडघशीं पडलेल्या मनुष्यास जगांतली सर्वांत बळकट वस्तु हवीशी वाटते. मिस्त्र्याचें मत निराळें होतें. जोर मर्यादेबाहेर गेला तर कांहीं तरी तुटणारच. तें हब असेल तर सहा बोल्टांचें काम, पण हब तुटेना म्हणून आंतला जॉइंट तुटला तर सारा गुडघाच उघडावा लागतो. आम्हांस हा युक्तिवाद पुरता पटलेला नाहीं. मध्यरात्रीं पऱ्ह्यांत काय तुटलें याला महत्त्व नसून कांहीं तुटूं नये याला आहे. परंतु त्या जुन्या हबाचें रबरी कडें कडक होऊन चिरलेलें होतें व तसें दुसरें मिळण्यासारखें नव्हतें. आणि ज्या डबींत पाणी शिरणार ती कितीहि जाड पत्र्याची असली तरी आमच्या पावसांत व्यर्थ.

मग मिस्त्र्यानें एक परीक्षा घेतली, ती आम्ही विसरणार नाहीं. त्यानें दांड्याचा एक तुटका तुकडा चिमट्यांत धरला, त्यावर एकामागून एक हब चढविलें, पुतणीला हात तेलांत बुडवावयास लावला आणि डोळे मिटावयास सांगितलें. “आतां फिरवा, ताई. लागलं का सुटलं, तेवढं सांगा.” जुन्या अमेरिकन हबाची कळ निसरड्या हातानें वळेचना. आमच्या निम्म्या किंमतीच्या हबाची कळ वळली, पण तिनें दोनदां ‘लागलं’ म्हटलें आणि दोन्ही वेळां तें सुटलेलें होतें. ब्राझीलच्या हबाची कळ वळतांना बोटांखालीं प्रथम स्प्रिंगचा दाब येई, आणि मग मिस्त्र्यानें डबी किंचित् फिरविली कीं दांत्यांत दांते बसल्याचा एक ठोका हाताला स्पष्ट लागे. ती सहा वेळां बोलली, सहाहि वेळां बरोबर. चांगल्या हबाची गोष्टच अशी आहे कीं, कळ वळवितांना दांते समोरासमोर आले नसतील तर स्प्रिंग कड्याला दाबून धरते, आणि गाडी वीतभर सरकली कीं तें आपल्या जागीं जाऊन बसतें. म्हणून कळ वळविणें हें निम्मेंच काम. गाडी थोडी हलवून कान देणें हें उरलेलें निम्में. हें आम्हांस आमच्या वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं कळलें.

तीं हबें आम्हीं घेतलीं. नवें रबरी कडें व स्प्रिंग यांचा एक जादा संचहि घेतला. बोल्ट मोजक्या जोरानें आवळून मिस्त्र्यानें त्यांच्या आट्यांना ते ढिले होऊं नयेत म्हणून लावावयाचें औषध लावलें. परत येतांना अंबा घाटांत पुतणीनें आपला निर्णय सांगितला. मृगाच्या आदल्या दिवशीं, कोरड्या अंगणांत, दिवसाउजेडीं, ती दोन्ही हबें लावील, आणि हस्त सरेपर्यंत तीं सुटावयाचीं नाहींत. त्या अवधींत चिखल आला तर नुसती दांडी ओढावयाची. पावसांत कोणी उतरावयाचें नाहीं.

“म्हणजे चार महिने तात्यांच्या चकत्याच कीं! मग हबं घेतलीं कशाला?” आम्हीं विचारलें.

“उरलेल्या आठ महिन्यांसाठीं,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळानें, “त्या चकत्याहि माळ्यावरून काढा, काका. त्या गाडींत राहतील.”

त्या आतां हत्यारांच्या पेटींत तळाशीं असतात, पान्यासह व सर्कलिप काढण्याच्या पकडीसह. उन्हाळ्यांत निजलेल्या लोखंडाच्या अंगाला तेल लागावें म्हणून महिन्यांतून एकदां हबें लावून तीनचार मैल फिरवून आणावीं लागतात. सौभाग्यवतीनें त्यासाठीं संकष्टीचा दिवस लावून दिला आहे, म्हणजे तिचें गणपतीचें दर्शनहि होतें आणि दिवस कोणी विसरत नाहीं. तात्यांना ही व्यवस्था मान्य झाली असती असें आम्हांस वाटतें, जरी ते तसें बोलून दाखविते ना.

यंदा मृगाच्या आदल्या दिवशीं ढग भरून आले होते. आम्ही चाकापाशीं बसलों, आणि पुतणीनें दोन्ही कळा वळवून उजव्या चाकाजवळ कान नेला. आम्हीं गाडी हळूच पुढें सोडली. उजवीकडून ‘टक्’ असा आवाज आला. ती उठून डावीकडे गेली, तेथें वांकली, आणि हातानें आम्हांस खुणावूं लागली, आणखी थोडी, काका, आणखी थोडी.